सव्वासहाची रिंग

टिर्रर्र.

एवढंच. घर गाढ झोपलेलं, शिलाई मशीन चादर पांघरून बसलेलं, नळालासुद्धा अजून जाग नाही, आणि त्या शांततेत एकदाच, एका श्वासाएवढा आवाज. लगेच पुन्हा गप्प. भिंगरीची आई डोळे न उघडता हात लांबवायची, मला चाचपून उचलायची, पलीकडे एकदाच वाजू द्यायची आणि कट करायची. मग कूस बदलून आणखी दहा मिनिटं पडून राहायची.

मित्रांनो, तो आवाज माझा होता. तुमच्यासमोर बोलतोय तो एक म्हातारा फोन आहे. उजव्या कोपऱ्याला तडा, पाठीवर भिंगरीनं चिकटवलेला आणि पुढं अर्धा निघून गेलेला ससा, आणि बॅटरी अशी की सकाळी पोटभर खाल्लं तरी दुपारी डोळे मिटणार. माझा स्वभाव थोडा संशयी आहे. तो तसा का झाला, हेच आज सांगायचं आहे.

आधी त्या एका रिंगचं सांगतो. भिंगरीच्या आईला तिच्या मावशीनं वाढवलं. मावशी आता पंच्याहत्तरीची. गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन जिने चढून एका खोलीत एकटी राहते. बोलावलं की म्हणते, "माझ्या हातानं दार उघडायचं आणि माझ्या हातानं लावायचं, एवढी एकच चैन आहे माझी." तेव्हा दोघींनी एक ठराव केला. रोज सकाळी सव्वासहाला मावशीनं एक रिंग द्यायची आणि कट करायची. त्याचा अर्थ, उठले, बरी आहे. इकडून एक रिंग उलट जायची. तिचा अर्थ, कळलं. फोन कुणीच उचलायचा नाही. साडेसहापर्यंत रिंग आली नाही, तर भिंगरीच्या आईनं चप्पल घालून निघायचं.

हा ठराव फोनवर बोलणं महाग होतं त्या काळातला. पुढं बोलणं जवळजवळ फुकट झालं, पण मावशीच्या अंगठ्याला ते कधी पटलं नाही. एकदा वाजलं की अंगठा आपोआप लाल बटणावर जायचा. कुणी हसलं तर ती म्हणायची, फुकट म्हणणारा आज हसतो आणि उद्या वसुलीला दारात उभा राहतो.

मला हे फार आवडायचं. जगातले बाकीचे फोन काय काय बोलतात. माझ्याकडून रोज एक शब्दही न बोलता एक माणूस जिवंत असल्याची बातमी पोचायची.

माझा जन्म मात्र अशा जिव्हाळ्यात झाला नाही. लांबलचक पांढऱ्या खोलीत, टोपी आणि मोजे घातलेल्या शेकडो हातांखालून मी सरकत आलो. कुणी डोळा बसवला, कुणी कान. शेवटच्या टेबलावरच्या बाईनं मला कानाशी लावून 'हॅलो' म्हटलं आणि उत्तराची वाट न बघता खोक्यात घातलं. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

दुकानातून मला उचललं ते भिंगरीच्या आईनं. ती घरीच कपडे दुरुस्त करते. चेन बदलणं, पॅन्टची उंची कमी करणं, शाळेचे गणवेश ढिले-घट्ट करणं. माझ्यावर गिऱ्हाइकांचे फोन येत, माझ्यात मापं लिहिलेली असत, माझ्या उजेडात तिनं सुईत दोरा ओवला आहे. भिंगरी पहिल्यांदा पालथी पडली तो क्षण मी टिपला. लांब पल्ल्याचा मालट्रक चालवणाऱ्या तिच्या बाबांना तो मीच दाखवला. तेव्हा सगळे म्हणत, फोन असावा तर असा. घरचे आजोबा, म्हणजे भिंगरीच्या बाबांचे वडील, कुणाचं कौतुक करत नाहीत. तीस वर्षं गोदामावर पहारेकरी होते. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीकडे बघायची सवय अजून सुटलेली नाही. तेही एकदा मला हातात घेऊन म्हणाले होते, "हा बरा आहे. कमी बोलतो."

दिवस बदलले ते समोरच्या रस्त्यावर दोन दुकानं आली तेव्हा.

एक हिरव्या कंपनीचं, एक जांभळ्या. दोघीही हवेतून आवाज विकणाऱ्या. आमचा नंबर हिरवीचा, मावशीचाही हिरवीचा. जांभळीनं दारात फुगे लावले तर दुसऱ्या दिवशी हिरवीनं फुग्यांची कमान उभारली. हिरवीनं छत्री दिली तर जांभळीनं पाण्याची बाटली. एकीनं महिनाभर बोलणं फुकट केलं, दुसरीनं तीन महिने. दुकानांच्या आत फोन बनवणाऱ्यांचे वेगळे काउंटर होते, त्यांची त्यांची वेगळी मारामारी. एकानं फोनला दोन डोळे लावले, शेजारच्यानं तीन. पुढच्या महिन्यात पहिल्यानं चौथा डोळा बसवला. आजोबा खिडकीतून हे सगळं बघत आणि म्हणत, एवढ्या डोळ्यांनी हे नक्की कुणाकडे बघणार आहेत? आणि एकमेकांचा गळा धरणारी ही दोघं-चौघं आपल्याशीच तेवढी एवढी गोड का?

मला त्यांचं पटायचं. कारण तोपर्यंत माझ्यावरही रोज निरोप यायला लागले होते. 'ही सोय आपल्या फोनसाठी उपलब्ध नाही.' 'आपला फोन जुना झाला आहे.' आणि असं सांगणारं कोण, तर मला जन्म देणारी कंपनी. दर वेळी ती मला म्हणे 'सुधारायची', आणि दर सुधारणेनंतर मी आदल्या दिवसापेक्षा हळू चालायचो. पुरावा माझ्याकडे नाही. पण वैद्यानं औषध दिल्यावर दर वेळी रोगी खंगत गेला, तर रोग्यानं काय समजायचं?

खरं तर भिंगरीच्या आईला मला सोडायचं नव्हतं. पण गिऱ्हाइकं कपड्यांचे फोटो पाठवायची आणि माझ्यावर ते उघडेपर्यंत तिची एक पॅन्ट शिवून व्हायची. शेवटी एका दुपारी ती जांभळ्या दुकानात गेली. नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, तर नवा फोन निम्म्यात.

काउंटरवरची मुलगी गोड होती आणि खूप घाईत होती. मागं सात माणसं उभी होती. तिनं माझ्या पोटातलं कार्ड काढलं, नवं कार्ड नव्या फोनमध्ये घातलं आणि नवा फोन भिंगरीच्या आईपुढे धरला. एकामागून एक प्रश्न येत गेले आणि ती मुलगी बोटानं जागा दाखवत गेली, ताई, इथं मान्य, इथं मान्य, इथंही मान्य. एका प्रश्नावर तर ती स्वतःच थांबून म्हणाली, "हे मात्र नक्की घ्या. फसवे कॉल हा स्वतःच ओळखतो आणि बाजूला टाकतो. तुम्हाला कळतसुद्धा नाही."

फसवलं जाण्याची भीती कुणाला नसते? भिंगरीच्या आईनं मान्य दाबलं.

माझ्यातली नावं नव्या फोनमध्ये गेली. मावशीचा नंबर गेला नाही, कारण तो नावानं माझ्यातही नव्हता. जो नंबर झोपेतही पाठ आहे तो कुणी लिहून ठेवतं का? आईचं नाव कुणी वहीत टिपून ठेवतं का?

मग ती मुलगी मला ओढून घेऊ लागली. जुना फोन दिला तर आणखी सूट होती. भिंगरीच्या आईनं मला दिलं, आणि लगेच परत घेतलं. घरी आजोबांनी विचारल्यावर म्हणाली, त्यांना एवढा मोडका फोन कशाला हवाय तेच कळेना. आजोबांनी मान डोलावली. पहारेकऱ्याला याहून शहाणं उत्तर ऐकायला मिळालं नसतं.

असा मी घरी परतलो आणि मशीनशेजारच्या फळीवर घड्याळ म्हणून उभा राहिलो. पोटात कार्ड नाही. वेळ दाखवायची, एवढंच काम. हिरवीनं मात्र हार मानली नव्हती. नव्या फोनवर दिवसातून चार वेळा तिच्या माणसांचे फोन येत, आम्ही काय कमी केलं, परत या. रुसलेली नणंद बरी. आणि मित्रांनो, हे फोन त्या चतुर नव्यानं एकदाही बाजूला टाकले नाहीत. ते सगळे धडाधड वाजत होते.

दुसऱ्या दिवशी सव्वासहा वाजले. मीच दाखवले. नवा फोन वाजला नाही.

साडेसहाला भिंगरीची आई चप्पल घालून निघाली. आठ वाजता परत आली तेव्हा तिचा चेहरा सुटल्यासारखाही होता आणि चिडल्यासारखाही. मावशी ठणठणीत होती. दारातच म्हणाली होती, तू आलीस कशाला, मी दिली की रिंग. उलट तुझीच आली नाही.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. भिंगरीच्या आईनं फोन केला तर तिकडे नीट लागायचा, बोलणं व्हायचं. फक्त सकाळची ती रिंग यायची नाही. मावशी शपथेवर सांगायची की ती देते. मावशीचा फोन बटणांचा, माझ्याहून म्हातारा. त्यात कधी किती वेळा फोन केला ते बघावं, तर त्याचं घड्याळ कुणी कधी लावलेलंच नव्हतं. त्याच्या लेखी अजून कुठल्याशा जुन्या वर्षातली एक जानेवारी चालू होती.

भिंगरीची आई दोन्ही फोन पिशवीत घालून रस्त्यावर उतरली. मीही होतो, त्यामुळे हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. जांभळ्या दुकानात सांगितलं, आमच्याकडे काही दोष नाही, मावशींची कंपनी खराब आहे, त्यांनाही इकडे आणा. हिरव्या दुकानात सांगितलं, आमच्याकडे असताना येत होती ना रिंग? तुम्हीच बघा. परत या. नव्या फोनवाल्यांच्या काउंटरवरच्या माणसानं फोन उलटसुलट केला, म्हणाला मशीन चोख आहे. मग आवाज खाली आणून म्हणाला, "वयस्कर माणसांचं होतं ताई असं. दाबल्यासारखं वाटतं त्यांना." आणि लगेच काचेखालून एक मनगटी पट्टा काढला. म्हातारं माणूस पडलं तर हा पट्टा आपोआप घरी कळवतो म्हणे. त्यावरही सूट होती.

तिनं पट्टा घेतला नाही. पण ते वाक्य ती घरी घेऊन आली. मी फळीवरून बघत होतो. शिवता शिवता तिचे हात मधेच थांबायचे. मावशीनं मागच्या महिन्यात दूध उतू घालवलं होतं. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला होता. अशा गोष्टी सगळ्यांच्या हातून होतात, माझ्या मालकिणीच्या हातून तर रोज होतात. पण संशय शिंप्यासारखा असतो. कुठलीही चिंधी वाया जाऊ देत नाही, सगळ्या जोडून अंगात येईल असा कपडा शिवतो.

आठव्या दिवशी ती मावशीशी फोनवर बोलली. फार हळू, फार गोड. मावशी, एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या का? मग मावशी म्हणाली की नवा फोन घेतल्यापासून तुला माझ्यासाठी एक रिंग द्यायची सवड राहिली नाही, ते सरळ सांग. मला वेडी ठरवू नकोस.

मित्रांनो, दोघींचं खरं होतं. आणि दोघी एकमेकींकडे संशयानं बघत होत्या. मी ओरडून सांगितलं असतं, की मला काढा, ते कार्ड एक दिवस माझ्या पोटात घालून बघा. पण पोटात कार्ड नसलेल्या फोनचं ऐकतो कोण?

भिंगरीच्या आईनं साडेसहाला धावत जाणं सोडून दिलं. रोज रोज जाऊन ठणठणीत मावशी बघायची आणि भांडून यायचं, किती दिवस चालणार? त्याऐवजी ती नऊच्या सुमारास, हातातलं काम उरकलं की फोन करायची.

त्या गुरुवारी नऊला तिनं करायच्या आधीच फोन आला. मावशीच्या शेजारची परिचारिका रात्रपाळी करून घरी येत होती. दाराआडून हाका ऐकून तिनं शेजारपाजारच्यांना बोलावून दार उघडायला लावलं होतं. मावशी मोरीत घसरली होती. मनगट मोडलं होतं. तीन तास ती ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसली होती, फोन मांडीत.

दवाखान्यात काय झालं ते संध्याकाळी भिंगरीची आई आजोबांना सांगत होती, तेव्हा मी ऐकलं. डॉक्टरांनी विचारलं, तीन तास? फोन होता ना जवळ? मावशी म्हणाली, अकरा वेळा रिंग दिली हिला. अकरा. तिनं मोजल्या होत्या. अशा वेळीसुद्धा तिच्या अंगठ्यानं दर वेळी एकदा वाजलं की कट केलं होतं, कारण त्यांच्यात तसंच ठरलेलं होतं. तेव्हा भिंगरीच्या आईनं डॉक्टरांना जरा बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की तिला हल्ली नीट आठवत नाही. पडदा पातळ होता. मावशीनं ते ऐकलं.

मावशी आमच्याकडे आली ती प्लास्टर घातलेला हात दुसऱ्या हातात धरून. मशीनशेजारी तिची कॉट टाकली. तिसऱ्या दिवशी भिंगरीच्या आईनं विषय काढला, की आता ती खोली सोडून देऊ या, मालकांना कळवते. मला वाटलं होतं मावशी भांडेल. मी तर वाट बघत होतो तिनं भांडण्याची.

मावशी म्हणाली, "असेल बाई. विसरत असेन मी." आणि कमरेची किल्ली काढून मशीनवर ठेवली.

आजोबा कधी कुणाच्या खोलीतून न विचारता उठून जात नाहीत. तेव्हा गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्यानं शेवटाकडे येताना काही मागायचं असतं, तर माझं मागणं इथंच सांगून टाकतो. नवा फोन जरूर घ्या. कंपन्या भांडत असतील तर त्यांच्या भांडणात आपला फायदा करून घ्या, त्यात वाईट काही नाही. मला फळीवर ठेवलंत, तेही सोसेन. पुसायला एखादी चिंधी मिळाली की पुरे. पण जो तुमच्याशी फार गोड बोलतो, त्याच्यावर थोडा संशय ठेवा. आणि जे माणूस रोज एकदाच हाक मारून गप्प होतं, त्याच्यावर संशय घेण्याआधी दहा वेळा थांबा. आम्हा यंत्रांना थांबता येत नाही. तुम्हाला येतं.

आता राहिलं ते काल दुपारचं.

मावशीच्या खोलीच्या मालकांना फोन करायचा होता, पण हातात एका गणवेशाची बाही होती. तेवढी संपवून करू म्हणून भिंगरीच्या आईनं नवा फोन बाजूला ठेवला. भिंगरी सात वर्षांची आहे. तिला फोनवर एक ढालीचं चित्र दिसलं. ढालीवर तलवारही असेल असं तिला वाटलं, म्हणून तिनं ते उघडलं. तलवार नव्हती. नुसती यादी होती. भिंगरीला नुकतंच वाचता येऊ लागलं आहे आणि समोर येईल ते ती मोठ्यानं वाचते, साबणाचं वेष्टनसुद्धा.

"सं-श-यि-त," तिनं वाचलं. मग आकडे वाचले. मग म्हणाली की आई, हा तर मोठ्या आजीचा नंबर आहे, आणि हाच, आणि हापण. मोठी आजी म्हणजे मावशी, तिचा नंबर या घरात भिंगरीलाही पाठ आहे.

मशीन थांबलं.

सकाळी सहा पंधरा. सहा पंधरा. सहा चौदा. एका ओळीखाली एक. प्रत्येकीपुढे बारीक अक्षरात लिहिलेलं, 'एकदा वाजवून बंद, फसवणुकीची शक्यता'. आणि गुरुवारच्या सहा वीसपासून पुढे, भिंगरी बोट ठेवून मोजत गेली, नऊ, दहा, अकरा.

भिंगरीच्या आईनं फोन घेतला. पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितला. मग कॉटपाशी जाऊन जमिनीवर बसली आणि तो मावशीपुढे धरला. मावशीनं डाव्या हातानं चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. तिला बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

"म्हणजे मी दिल्या होत्या," मावशी म्हणाली. विचारल्यासारखं नाही, अंगावरून काढून घेतलेलं काहीतरी पुन्हा अंगावर घेतल्यासारखं.

भिंगरीच्या आईनं मशीनवरची किल्ली उचलली, मावशीच्या चांगल्या हातात दिली आणि त्या हातावर आपलं कपाळ टेकलं. मावशीनं हात काढून घेतला नाही. "उठ आता," एवढंच म्हणाली, "बाहीला सुई तशीच आहे."

ती उठली नाही. तिथंच बसून तिनं यादीतल्या नंबरावर बोट ठेवलं. खाली एक शब्द आला, 'विश्वासू'. तिनं तो दाबला. त्याबरोबर नव्या फोननं एक प्रश्न विचारला आणि भिंगरीनं आईच्या खांद्यावरून वाकून तोही मोठ्यानं वाचला, "आपली खात्री आहे का?"



"आई," ती म्हणाली, "आजीला यात टाकताना त्यानं हे कुणाला विचारलं होतं?"